कागदाप्रमाणे नाही

१२ जून २०२५, धाराशिव

तेरणेच्या काठापासून बेन्नीतुरेच्या काठापर्यंत नांदणाऱ्या माझ्या बोलक्या लोकांनो! तुम्ही गॅसची टाकी नोंदवायला फोन लावलात, तिकडून उत्तर आलं, माफ करा, समजलं नाही. लाइट गेल्याची तक्रार करायला फोन लावलात, उत्तर आलं, कृपया पुन्हा बोला. तुम्ही पुन्हा बोललात, मोठ्यानं बोललात, आणि शेवटी फोन सुनेच्या हातात देऊन म्हणालात, "तूच बोल बाई, माझं त्याला कळंना." आपल्याच मुलखात आपल्याच भाषेत बोलून चूक मात्र आपलीच ठरली. निजामाच्या कचेरीत उर्दू येत नाही म्हणून आपले पणजोबा दाराबाहेर उभे राहिले. आज त्यांचे पणतू यंत्राच्या दाराबाहेर उभे आहेत!

दैनंदिनीची सुरुवातसुद्धा भाषणानं झाली. असो. ज्याला जे येतं ते तो करतो.

मी शंभुलिंग, मुरुमच्या बाजारात धान्य मोजणाऱ्या रेवणप्पा मापाड्याचा मुलगा, अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक. सतरा वर्षं मी यंत्राला आपली बोली ऐकायला शिकवतो आहे. वीस ऑगस्टला पुण्याहून समिती येणार. तिनं मान हलवली तर जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात आमचं यंत्र बसेल. बाईनं आपल्या शब्दांत दुखणं सांगायचं, यंत्रानं ते लिहून डॉक्टरपर्यंत पोचवायचं. तोवर काही घडेल ते इथं लिहीन.

पद्धत साधी आहे. गावात शिबिर लावायचं. आधी मी वीसेक मिनिटं बोलतो, लोकांना कामाचं महत्त्व पटवतो. मग एकेकानं माइकसमोर बसून छापील कागदावरची वाक्यं वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानात आमचा तंत्रज्ञ कुलदीप वाक्य सांगतो, ते मागून म्हणतात. नंतर आवाज आणि कागद ताडून पाहायचे. जुळलं तर पास, नाही तर नापास. एकशे चार गावं, नऊ हजारांवर माणसं. आज यंत्र शंभरातले चौऱ्याण्णव शब्द बरोबर ओळखतं. हा आकडा पुण्यामुंबईच्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या तोंडावर मारावा असा आहे.

२० जून

सर्व्हर भरला. कुलदीप म्हणाला, निम्मी जागा नापास आवाजांनी खाल्ली आहे. मी म्हटलं, पुसून टाका. जुन्या डिस्कवरची प्रतही पुसा, समितीसमोर आकडे एकच दिसले पाहिजेत.

अर्पिता तिथंच होती. माझी संशोधक विद्यार्थिनी, ईट गावची मुलगी. चार वर्षांत ती माझ्याशी सगळं मिळून तासभर तरी बोलली असेल का, शंका आहे. ऐकते मात्र उत्तम.

ती म्हणाली, "सर, पुसायच्या आधी त्यातलं एकदा ऐकून बघा ना."

"काय ऐकायचं? वाचताना अडखळणं, खोकणं, मधेच दुसरंच काहीतरी बोलणं."

"तेच सर. माणसं त्यातच बोलल्यात."

मी तिला समोर बसवून नीट समजावलं. शेतकरी रास उफणतो तेव्हा भूस वाऱ्यावर सोडतो, छातीशी धरत नाही. ज्ञानाचंही तसंच. नियम एकदा केला की त्याला बाप-भाऊ नसतो. कचरा साठवून कुठली संस्था मोठी झाली आहे? चांगलं बोललो. कुलदीप म्हणाला, "सर, हे समितीपुढं पण बोला."

अर्पिताला आणखी काही सांगायचं होतं, पण मला वर्गावर जायचं होतं. आदेशावर सही केली.

२९ जून, रविवार

मुरुमला आईवडिलांकडे गेलो. अप्पांचा आवाज बसला आहे. अव्वा म्हणाली, पाडव्यापासून असंच. मी म्हटलं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, तंबाखू कमी करा. चाळीस वर्षं बाजारातली धूळ घशात गेली, त्याचं हे व्याज.

ओट्यावर अप्पा आणि महांतप्पा आडत्या बसले होते. महांतप्पाच्या दुकानात अप्पांनी हयात काढली. मला पाहून अप्पा सावरून बसले. "या सर." चारचौघांत ते मला सर म्हणतात. कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत.

महांतप्पा म्हणाला, "सर, तुमच्या यंत्राला बापाचं माप ऐकवलाव का न्हाय? इलेक्ट्रॉनिक काटा आला आन् बाजारातली मजाच गेली. रेवणप्पानं पायली धरली की शेजारच्या दुकानाचं गिऱ्हाईक यिऊन हुबं ऱ्हायाचं. नुसतं ऐकाया."

"गप रं," अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुझ्या पोत्यात माल जास्ती गेला की तुला माझा आवाज ग्वाड लागायचा."

"मग काय! आवाज बापाचा, फायदा माझा."

आम्ही हसलो. मग मी त्यांना आमच्या कामाचं सगळं सांगितलं, उपकेंद्रांचं, समितीचं. महांतप्पा मधेच उठून गेला, म्हशीला वैरण टाकायची म्हणाला. त्याला म्हैस आहे हे मला ठाऊक नव्हतं.

निघताना अप्पा गाडीपर्यंत आले. "शंभू, एक बोलायचं व्हतं."

"बोला की अप्पा."

ते घसा खाकरत होते तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. बोलणं लांबलं. संपलं तेव्हा अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फुडल्या ऐतवारी बोलू."

१९ जुलै, सोलापूर

मधले रविवार समितीच्या कागदांत गेले. गेल्या आठवड्यात अव्वाचा फोन आला, अप्पांना पाणी गिळताना दुखतंय. सोलापूरला आणलं, घशातला तुकडा काढून तपासला.

डॉक्टर माझ्याहून लहान आहेत, शांत बोलतात. स्वरयंत्रात गाठ आहे. उशीर झालाय, पण जीव वाचेल. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. शस्त्रक्रिया सात ऑगस्टला.

मी विचारलं, "आणि बोलणं?"

"बोलणं राहणार नाही. बरेच पेशंट सुरुवातीला लिहून दाखवतात. यांना लिहिता येतं ना?"

मी मानेनंच नाही म्हटलं. अप्पांना आकडे येतात. पोत्यांवर टाकायचे, पाटीवर मांडायचे, तेवढे. अक्षर एकही येत नाही. नऊ हजार माणसांना कागद वाचायला लावणाऱ्या माणसाच्या बापाला.

बाहेर येऊन अप्पांना सांगितलं. ते खिडकीतून रिक्षा बघत म्हणाले, "मंजी माप संपलं म्हन की."

२१ जुलै

रडत बसायला मी कुणी दुबळा माणूस नाही. ज्याचा बाप बुडतोय तो मुलगा पट्टीचा पोहणारा आहे! आज यंत्राला माणसाचा आवाज देता येतो. त्या माणसाचं अर्धा तास स्वच्छ बोलणं मिळालं तर यंत्र त्याच्या आवाजात पुढं काहीही बोलू शकतं. नऊ बटणांचा एक डबा करायचा. अप्पांना आकडे येतात. एक दाबलं की पाणी मागेल, दोन दाबलं की अव्वाला हाक मारेल, आणि ती हाक अप्पांच्या आवाजात असेल.

आजचा घोगरा आवाज उपयोगाचा नाही. पण जुना आहे. जानेवारी २०१९, मुरुमच्या मार्केट यार्डातलं शिबिर. अप्पा न बोलावता आले होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. रांगेत उभे राहिले. मी त्या वेळी आमदारांच्या माणसांशी बोलत होतो, पण त्यांना माइकसमोर बसताना पाहिलं होतं. बराच वेळ बसले होते. खणखणीत आवाज होता तेव्हा.

अर्पिताला सांगितलं, मुरुमच्या यादीतून काढून ठेव. ती यादी न घेताच बाहेर गेली. तिला बरं नसावं.

२२ जुलै

नोंदवही माझ्यासमोर आहे. जशी आहे तशी उतरवतो.

मुरुम ०४७. रेवणप्पा. वय ६८. व्यवसाय मापाडी. अवधी ३४ मिनिटं. पास वाक्यं ४. उरलेलं नापास. कारण: कागदाप्रमाणे नाही.

ते कारण माझं आहे. मीच घडवलेलं वाक्य, पंधरा वर्षांपूर्वी. आणि वीस जूनच्या आदेशावर सही माझी आहे. कुलदीपनं काम चोख केलं होतं, डिस्कवरची प्रतही राहिली नाही. रोमन लोक नको असलेल्या माणसाचं नाव दगडावरून खोडायला छिन्नी आणि पाथरवट लावत. मला एक सही पुरली.

अर्पिता दारात उभी होती. म्हणाली, "सर, मी ते ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी. नापास झालेले आवाज मी ऐकत असते."

"काय होतं त्यात?"

"चार वाक्यं झाल्यावर ते कुलदीपसरांना म्हणाले, पोरा, तुझं झालं, आता माझं ऐक. मग बाजाराचं सांगितलं. मग माप मोजून दाखवलं."

मोजणं मला माहीत आहे. मापाडी पहिल्या पायलीला एक म्हणत नाही. एक म्हणजे एकटं, त्यानं राशीची बरकत जाते. पहिली पायली लाभ. लाभ रे लाभ, लाभ रे लाभ, दुसरी भरेपर्यंत तेच घोळवायचं, म्हणजे मोजणारा चुकत नाही. मग दोन रे दोन. आमच्या कागदावर तसलं वाक्य नव्हतं.

"दोनदा मोजलं त्यांनी," अर्पिता म्हणाली. "एकदा बाजारातलं, मोठ्यानं. आणि एकदा हळू."

"हळू कशाला?"

"ते म्हणाले, शंभू तान्हा असताना त्याची आई त्याला राशीजवळ झोपवून खुरपायला जायची. पोरगं उठू नये म्हणून मी असं मोजायचो. आणि तसं मोजलं, सर. शेवटी शेवटी तर नुसता श्वासच ऐकू यायचा."

मी तिला विचारलं, जरा रागानंच, की हे जूनमध्ये का नाही बोललीस.

ती म्हणाली, "बोलले होते, सर."

वीस जूनचं पान उघडून पाहिलं. बोलली होती.

२५ जुलै

पास झालेली चार वाक्यं सकाळपासून ऐकतो आहे. एकूण एकोणीस सेकंद. पावसाळ्यात नदीला पूर येतो. शिक्षकांनी फळा स्वच्छ पुसला. मला पाणी हवे आहे. मी आपला आभारी आहे.

हे अप्पा नव्हेत. पहिल्यांदा कचेरीत उभं केलेल्या माणसाचा हा आवाज. कुलदीप कानात सांगतो आणि ते त्याची चाल उचलून, एकेक अक्षर पुसून-पुसून ठेवतात. अप्पांनी जन्मात कुणाला "मी आपला आभारी आहे" म्हटलेलं नाही. समोर नोंद आहे: दर्जा उत्तम.

अर्पितानं आज एक छोटी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवली. तिच्या चुलतीचा, धुरपदाबाईचा आवाज. ईटच्या शिबिरातला नापास. चुलती वारली म्हणून तिनं बारा मिनिटं स्वतःजवळ ठेवली होती. "हे यंत्राला ऐकवून बघा," म्हणाली आणि गेली.

ऐकवलं. धुरपदाबाई आपल्या पोटदुखीचं सांगते, वैद्याचं सांगते, मधेच सुनेला शिवी देते. अगदी अशीच बाई उपकेंद्रात येणार आहे. यंत्राला शंभरातले एकतीस शब्द कळले.

चौऱ्याण्णवचा आकडा आम्ही कागद वाचणाऱ्यांवर तपासला होता. जे कागदाप्रमाणे बोलले तेच यंत्रानं ऐकले, आणि परीक्षा घेतली तीही त्यांचीच. सतरा वर्षं मी गावोगाव ओरडून सांगत होतो की आपल्या बोलीला मान मिळाला पाहिजे. मग त्याच लोकांच्या हातात पुस्तकी कागद देत होतो. आणि माझं भाषण ऐकून ते बिचारे माझ्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होते.

दोष नक्की कुठला? कागदाचा, हे उघड आहे. कागद बदलावे लागतील.

२७ जुलै, मुरुम

उरलेला आवाज तरी धरायचा म्हणून चांगला माइक घेऊन आलो. अप्पांना ओसरीत बसवलं. या वेळी कागद नाही.

"बोला, अप्पा."

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या मनातलं."

ते माइककडे बघत राहिले. मला वाटलं, कशासाठी हे चाललंय ते नीट कळलं तर संकोच जाईल. म्हणून समजावलं. आवाज म्हणजे काय, हवा कशी हलते, यंत्र त्याचे तुकडे कसे करतं. मग त्यांना बोलतं करायला जुन्या आठवणी काढून दिल्या, यार्डातला संप, दुष्काळातली छावणी. ते मान हलवत होते. दोनदा काही बोलू लागले, पण घसा दुखत होता, तेव्हा मीच वाक्य पुरं करून दिलं.

अव्वा आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "शंभ्या, तू जरा गप बस की रं."

"अव्वा, सूचना द्याव्या लागतात."

शेवटी अप्पा एवढंच म्हणाले, "तू लई चांगलं बोलतूस. शाळेत असताना बक्षीस आणलावतास, त्या टायमाला म्या मागं हुबा व्हतो. तुला दिसलो न्हाय."

गाडीत बसून ऐकलं. एकतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात अप्पांचा आवाज चार मिनिटं.

६ ऑगस्ट, सोलापूर

उद्या सकाळी आठला नेतील. संध्याकाळी अव्वानं पेज भरवली. अप्पा आता कुजबुजतात, खूप वाकावं लागतं. मी डॉक्टरांशी झालेलं बोलणं सांगितलं, नळी कुठून असेल, किती दिवस, नंतर डबा कसा चालेल.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "उद्यापासनं तू बोल. म्या ऐकतो." मग, "आजवर दुसरं काय केलंय!" आणि हसले. खोकला आला.

मीही हसलो. त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे हे पाहून बरं वाटलं. मग आठवलं, त्या रविवारी त्यांना काही बोलायचं होतं. विचारलं.

त्यांनी हातानंच सांगितलं, राहू दे.

फोन माझ्या खिशात होता. रेकॉर्डिंग सुरू करायचं सुचलं नाही.

८ ऑगस्ट

झालं. गळ्यात भोक, त्यात नळी. शुद्धीवर आल्यावर ओठ हलले. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा हलवले, मग डोळे मिटून घेतले. अव्वा त्यांच्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, "पाणी म्हनाले."

२० ऑगस्ट

समिती आली. मी काहीही लपवलं नाही. प्राचार्य टेबलाखालून पाय दाबत असताना मी उभा राहून सांगितलं की चौऱ्याण्णवचा आकडा खोटा नाही, पण आंधळा आहे. सांगितलं की जी बाई यंत्रासमोर रडत येईल तिचं यंत्राला कळणार नाही, आणि दोष तिचा ठरेल. सांगितलं की मी स्वतः माझ्या सहीनं आवाजांचे एकसष्ट हजार तुकडे पुसले, त्यात माझा बाप होता. चाळीस मिनिटं बोललो. समितीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषण असावं.

अर्पिता धुरपदाबाईचा आवाज घेऊन आली होती, ऐकवायला. वेळ उरला नाही. ती पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसून राहिली.

निधी थांबला. प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत. अर्पितानं सुट्टीचा अर्ज दिला, परत येण्याची तारीख घातलेली नाही.

७ सप्टेंबर, मुरुम

डबा तयार करून आणला. एकोणीस सेकंद आणि ती चार मिनिटं, एवढ्यावर जे होण्यासारखं होतं ते केलं. नऊ बटणं, वर मोठे आकडे रंगवलेले.

अप्पांनी उलटून-पालटून पाहिला. मी म्हटलं, "एक दाबा." त्यांनी दाबलं.

"मला पाणी हवे आहे," डबा म्हणाला.

अव्वा आतून पदर सावरत आली. "कोन आलंय?"

"कुणी नाही अव्वा. अप्पांचा आवाज आहे."

तिनं पुन्हा ऐकला. दोन दाबलं तर डबा म्हणाला, "अहो, जरा इकडे या." ती डब्याकडे बघून म्हणाली, "ह्यो आपला न्हाय. ह्यो कोन तरी पावना हाय. ह्येला चहा द्यावा लागतोय." अप्पांचे खांदे हलले. हसत होते, नळीतून शिट्टीसारखी हवा येत होती. मग त्यांनी डबा हळूच कोनाड्यात ठेवला, देवाशेजारी, आणि त्याच्यावर टोपी ठेवली.

अंगणात उडदाची रास होती, दोन एकरांची. अप्पा जाऊन राशीशी बसले. त्यांनी जुनी पायली घेतली. भरली, हातानं वरचं निपटलं, पोत्यात ओतली. ओठ हलले. दुसरी भरू लागले तरी ओठ हलतच होते.

अव्वा समोर पोत्याचं तोंड धरून बसली होती. तिची नजर त्यांच्या ओठांवर होती. आणि ती म्हणू लागली. "लाभ रे लाभ, लाभ रे लाभ." बायका माप मोजत नाहीत, मी तिला कधी मोजताना ऐकलं नव्हतं. पण चाल तीच. पंचावन्न वर्षं ती चाल तिच्या कानावरून गेली असणार. "दोन रे दोन." अगदी हळू आवाजात, जवळ कुणी झोपलंय अशा. अर्पितानं सांगितलं होतं तसंच.

मी खिशातून फोन काढला. रेकॉर्डिंग सुरू केलं. जवळ सरकलो. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणून म्हटलं, "अव्वा, जरा मोठ्यानं म्हण. आणि पहिल्यापासून."

अव्वा दचकली. फोन पाहिला, मला पाहिलं. पदर डोक्यावरून पुढं ओढला, ताठ बसली, आणि शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर पुसून, मोठ्यानं म्हणाली, "एक. दोन. तीन."

अप्पांनी पायली राशीवर पालथी घातली. रास निम्मी उरली होती.

फोनमध्ये सव्वा मिनिट आहे. त्यातली पहिली आठ सेकंदं चांगली आहेत. त्यानंतर मी आहे.

लोकांनो, जूनमध्ये तुम्हाला हाक मारून एक भाषण सुरू केलं होतं, ते आज पुरं करतो. यंत्राला आपलं कळत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. पण ते यंत्र परक्या मुलखातून आलेलं नव्हतं. ते मी केलं, मुरुमच्या मापाड्याच्या मुलानं, तुमच्यासाठी गळा फाडून बोलता बोलता. म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या सकाळी तुमच्या घरातलं म्हातारं माणूस शेंगा फोडत असेल, वाती वळत असेल, दाव्याला पीळ देत असेल, तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि फोन शेजारी पालथा ठेवून द्या. काही विचारू नका. आठवण करून देऊ नका. मोठ्यानं बोल म्हणू नका. ते आपणहून थांबेपर्यंत तोंड उघडू नका. आणि नंतर ऐकून त्यात कामाचं काही नाही असं वाटलं, तरी ते पुसू नका.